सव्वा महिना सरल्यावर बाळंतीण खचते तेव्हा

प्रश्न बीड जिल्ह्यातल्या एका गावातून आला आहे, नणंदेने विचारलेला. वहिनी २३ वर्षांच्या. दुसरी मुलगी झाली त्याला दोन महिने होत आले. बाळंतपण ग्रामीण रुग्णालयात, टाक्यांचा काही त्रास नाही. पण आठव्या महिन्यापासूनच त्या गप्प गप्प होत्या. आता बाळ झोपलं तरी यांचा डोळा लागत नाही. डोकं जड, छातीत धडधड, दूध पुरत नाही ही सततची तक्रार, आणि कोणी काही बोललं की डोळ्यांत पाणी. घरचे म्हणतात, बसून खायची सवय लागली. शेजारच्या म्हणतात, बाहेरचं काहीतरी झालंय. गावातल्या दवाखान्यातून ताकदीचं औषध आणि झोपेच्या गोळ्या मिळाल्या. नणंदेचे प्रश्न तीन आहेत: हा आजार आहे का, गोळ्या सुरू केल्या तर बाळाचं दूध तोडावं लागेल का, आणि दिवाळीनंतर ऊसतोडीची टोळी निघेल तेव्हा वहिनींना फडावर न्यावं का.

आधी उत्तरं सांगतो, मग कारणं. हा बाळंतपणाच्या काळातला नैराश्याचा आजार असण्याची शक्यता मोठी आहे. दूध तोडायची बहुतेक वेळा गरज पडत नाही. आणि आजार आटोक्यात आल्याशिवाय त्यांना फडावर नेऊ नये. तपासणी मात्र या आठवड्यातच करून घ्या, पुढच्या लसीच्या दिवसाची वाट बघू नका.

बाळंतपणानंतर तिसऱ्या दिवसाच्या आसपास निम्म्याहून जास्त बायांना उगाच रडू येतं, चिडचिड होते, मन हळवं होतं. चौथ्या-पाचव्या दिवशी ते सगळ्यात जास्त असतं आणि दहा ते चौदा दिवसांत आपोआप ओसरतं. त्याला औषध लागत नाही, जवळ माणूस लागतं. नैराश्य ओळखायचं ते इथे: दोन आठवडे उलटूनही दिवसाचा बहुतेक वेळ मन उदास राहतं किंवा कशातच रस वाटत नाही, आणि त्याबरोबर झोप, भूक, ताकद, एकाग्रता यांचा ताळ सुटतो. मी काही कामाची नाही, माझ्यामुळेच लेकराचे हाल, असा अपराधीपणा बसतो. वहिनींचं तर आठव्या महिन्यापासून चाललंय. बाळंतपणानंतरचं म्हणून ओळखलं जाणारं नैराश्य जवळजवळ निम्म्या जणींमध्ये पोटात बाळ असतानाच सुरू झालेलं असतं, त्यामुळे यात नवल काही नाही. भारतातल्या अभ्यासांचा एकत्र आढावा २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आला. त्यात बाळंतपणानंतर नैराश्य असलेल्या बायांचं प्रमाण २२ टक्के निघालं. म्हणजे साधारण पाच बाळंतिणींमागे एक.

आपल्याकडे ‘मी उदास आहे’ असं म्हणत कोणी दवाखान्यात येत नाही. तक्रार येते ती अशी: डोकं जड आहे, अंगात जीव नाही, जीव घाबरा होतो, करमत नाही, तोंडाला चव नाही, कंबर धरली, दूधच येत नाही. दुधाच्या तक्रारीकडे विशेष लक्ष द्यावं. बाळ दिवसातून सहा किंवा जास्त वेळा लघवी करतंय, वजन वाढतंय, तरीही आई रोज सांगते की माझं दूध पुरत नाही, तेव्हा पुष्कळदा ती दुधाबद्दल बोलत नसते. मी आई म्हणून कमी पडतेय, एवढं सांगायला तिला तेवढीच एक जागा मोकळी असते. तिथे शतावरीचा डबा हातात देऊन पाठवलं की बोलणंच संपतं. बाळाचं वजन खरंच वाढत नसेल तर तेही तपासायचं, पण आईला विचारणं सोडायचं नाही.

हा आजार सव्वा महिन्यानंतर का उघडा पडतो, हे समजून घ्या. पहिले चाळीस दिवस बाळंतीण खाटेवर असते. शेक, धुरी, मालिश, डिंकाचे लाडू, अळीव. कामाला हात लावू देत नाहीत, कोणीतरी सतत जवळ असतं. आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. मग बेचाळिसावा दिवस उलटतो आणि दोन्ही आधार एकाच आठवड्यात सुटतात. आई आपल्या गावी परत जाते, चूल आणि पाणी पुन्हा हिच्याकडे येतं, आशाताईंची पुढची ठरलेली भेट थेट तिसऱ्या महिन्यात. रात्रीचं जागरण तर तसंच. नैराश्य अनेकींमध्ये याच सहा ते बारा आठवड्यांत ठळक होतं. दुसरं बाळंतपण बहुधा सासरीच होतं, त्यामुळे तिथे हा आधार मुळातच तोकडा असतो. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याच्या लसीला आई बाळाला घेऊन केंद्रात येतेच. त्या दिवशी बाळाला सुई आणि आईला दोन प्रश्न, एवढं जरी नेमाने झालं तरी पुष्कळ जणी वेळेत सापडतील, असं माझं ठाम मत आहे.

ते दोन प्रश्न असे. गेल्या महिन्याभरात मन उदास, हताश वाटतं का, सारखं खचल्यासारखं होतं का? आणि पूर्वी जे आवडायचं त्यात गोडी उरली आहे का? दोन्हींपैकी एकाचंही उत्तर त्रासाकडे झुकलं तर पुढे सविस्तर विचारायचं. त्यासाठी एडिनबर्ग प्रश्नावली वापरतात. १९८७ पासून ती वापरात आहे: दहा प्रश्न, गेल्या सात दिवसांबद्दल, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण ३०. साधारण १३ आणि त्यावर गुण आले तर नैराश्याची शक्यता मोठी. १० ते १२ असतील तर दोन आठवड्यांनी पुन्हा विचारायचं. गुण म्हणजे निदान नव्हे. पण दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दल आहे. त्याला शून्याशिवाय काहीही उत्तर आलं, तर एकूण गुण कितीही कमी असोत, त्याच दिवशी पुढचं पाऊल उचलायचं.

विचारायचं कसं, यावर उत्तर ठरतं. सासूबाई दाराशी बसल्या असतील तर ‘सगळं ठीक आहे’ याशिवाय दुसरं काही ऐकायला मिळणार नाही. बाळाचं वजन करायच्या निमित्ताने, न्हाणीकडे जाताना, कपडे वाळत घालताना, दोघीच असाल तेव्हा विचारा. सुरुवात झोपेपासून करा: ‘रातच्याला लेकरू झोपल्यावर तुमाला झोप लागती का?’ बाळ झोपलेलं, कोणी उठवत नाही, तरीही झोप लागत नाही, ही नैराश्याची बरीच भरवशाची खूण आहे. नुसती थकलेली बाई संधी मिळाली की झोपते. मग: ‘जेवण गोड लागतं का? लेकराला घेतल्यावर कसं वाटतं?’ आणि शेवटी, आवाज न बदलता: ‘कधी असं वाटतं का, की नको हा जीव? स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का? लेकराबद्दल कधी तसं काही येतं का?’ असं विचारल्याने मनात नसलेला विचार येतो, ही भीती खोटी आहे. उलट कोणीतरी विचारलं म्हणून सुटका झाल्यासारखं वाटतं.

उत्तर हो आलं तर कसं, कधी, काय वापरून, असं सरळ विचारा. काही ठरवलं असेल, आधी कधी प्रयत्न झाला असेल, किंवा नुसतं ‘माझ्याशिवाय पोरी सुखी राहतील’ असं जरी ती म्हणाली तरी तिला एकटं ठेवायचं नाही आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. घरात कपाशीवर फवारायचं औषध, तणनाशक, उंदराचं औषध, गोळ्यांचा साठा असेल तर ते कुलपात टाका किंवा दुसऱ्याच्या घरी ठेवा, विहिरीकडे एकटीला पाठवू नका. मराठवाड्यातल्या शेतकरी घरात विषारी औषध हाताशी असतं आणि तो विचाराचा झटका पुष्कळदा काही मिनिटांचाच असतो. त्या मिनिटांत डबा हाताला लागला नाही, तर बाई वाचू शकते. पोलीस केस होईल म्हणून काही घरं दवाखान्यात नेत नाहीत. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ सांगतो, की असा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरायचं. शिक्षेसाठी तिच्यामागे लागायचं नाही. त्या भीतीपोटी वेळ घालवू नका.

आता तपासण्या. हिमोग्लोबिन, थायरॉईडची टीएसएच, साखर, आणि शाकाहारी घर असेल तर जमल्यास बी-१२. रक्त कमी असलं की थकवा, धाप, धडधड येते. थायरॉईड बिघडलं की सुस्ती, उदासी किंवा उलट घबराट. बाळंतपणानंतर पहिल्या वर्षात थायरॉईडला सूज येणं दुर्मीळ नाही. सरकारी लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. ती गरोदरपणात १८० दिवस आणि बाळंतपणानंतरही १८० दिवस घ्यायची असते. दुसरा हप्ता बहुतेक घरांत राहूनच जातो. चहाबरोबर घेऊ नका, लोह अंगी लागत नाही. पण एक चूक नेहमी घडते: हिमोग्लोबिन ९ निघालं की सगळ्याचं खापर त्याच्यावर फुटतं आणि मनाचा विषय बंद होतो. रक्तही कमी आणि नैराश्यही, असं दोन्ही एकत्र असू शकतं. दोन्हींवर उपचार करायचे.

झोपेच्या गोळ्यांबद्दल स्पष्ट सांगतो. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या जातीच्या गोळ्या नैराश्य बरं करत नाहीत. सवय लागते, दुधातून बाळाला सुस्ती येऊ शकते, आणि बाळ शेजारी झोपवलेलं असताना आई गुंगीत असणं धोक्याचं आहे. कधी कधी डॉक्टर मोजके दिवस, मोजक्या मात्रेत देतात, तेवढंच. वहिनी त्या रोज बरेच आठवडे घेत असतील तर एकदम बंद करू नका, घबराट आणि झटके येऊ शकतात. डॉक्टरांकडून टप्प्याटप्प्याने कमी करून घ्या. आणि मेडिकलवरून त्याच चिठ्ठीवर पुन्हा पुन्हा आणणं आजच थांबवा.

गोळ्या आणि दूध. बाळाला अंगावर पाजणाऱ्या आईसाठी सर्ट्रालिन हे बहुतेक वेळा पहिल्या पसंतीचं औषध. आईच्या मात्रेच्या (वजनाच्या हिशेबाने) दहा टक्क्यांपेक्षा कमी औषध बाळाच्या पोटात जात असेल तर ते साधारणपणे चालतं असं मानतात; सर्ट्रालिन त्याहून पुष्कळ कमी जातं. सुरुवात बहुधा रोज २५ मिलिग्रॅमने, आठवड्याभराने ५०. गरजेप्रमाणे डॉक्टर पुढे वाढवतात, २०० ही वरची मर्यादा. एस्सिटालोप्रामही चालतं. फ्लुओक्सेटिन सरकारी दवाखान्यात अनेकदा मिळतं. ते अंगात जास्त दिवस राहतं आणि दुधात तुलनेने जास्त उतरतं, म्हणून नव्याने सुरू करताना दुसरं बघतात. पण त्याच औषधाने ती आधीपासून बरी असेल तर उगाच बदलत नाहीत. बाळ नऊ महिन्यांआधी झालेलं किंवा फार कमी वजनाचं असेल तर बाळाच्या डॉक्टरांना आईच्या गोळीचं नाव सांगा. लक्ष ठेवायचं ते एवढंच: बाळ नेहमीसारखं जागतंय का, ओढून पितंय का, वजन वाढतंय का.

उपचार फसतात ते ठरलेल्या तीन जागी. पहिल्या आठवड्यात मळमळ, पातळ जुलाब, डोकेदुखी, थोडी अस्वस्थता होते. ‘गोळी मानवत नाही’ म्हणून ती बंद होते. खरं तर पोटभर जेवून घेतली तर हा त्रास आठ-दहा दिवसांत कमी होतो. दुसरी जागा दहाव्या-बाराव्या दिवशी: ‘काहीच फरक नाही’. फरक पडायला दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण गुण यायला सहा किंवा जास्त. आधी झोप आणि भूक सुधारते, मन त्यामागून. हे घरच्यांना आधीच सांगून ठेवावं. तिसरी जागा सगळ्यात वाईट. दीड-दोन महिन्यांनी ती हसायला-बोलायला लागते आणि घरचे म्हणतात, झाली बरी, किती दिवस गोळ्या खायच्या? तिथे औषध सुटलं की आजार उलटतो. बरं वाटल्यापासून पुढे किमान सहा ते नऊ महिने गोळी चालू ठेवायची, आणि बंद करायची तीही हळूहळू, डॉक्टरांना विचारून.

गोळी सुरू करण्याआधी डॉक्टरांनी एक गोष्ट विचारलीच पाहिजे; त्यांनी विचारली नाही तर तुम्ही सांगा. आधी कधी उलट प्रकार झाला होता का? चार-सहा दिवस झोप न घेताही थकवा नाही, अखंड बडबड, मोठमोठे बेत, पैसे उधळणं, भांडणं? घरात कोणाला तसा आजार आहे का? असेल तर हा द्विध्रुवी आजार असू शकतो. त्यात नुसतं नैराश्याचं औषध दिलं तर उन्माद उसळू शकतो, औषधयोजना वेगळी लागते. आणि त्या आजारातलं व्हॅल्प्रोएट हे औषध गरोदर बाईला किंवा मूल होऊ शकणाऱ्या तरुण बाईला देणं टाळतात, कारण पोटातल्या बाळाच्या मणक्यात आणि मेंदूत दोष राहण्याचा धोका मोठा असतो.

सौम्य आजारात गोळीविना, नुसत्या समुपदेशनानेही भागतं, आणि मध्यम-तीव्र आजारात गोळीबरोबर ते हवंच. हे काम फक्त मोठ्या डॉक्टरांनीच करायचं असं नाही. पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांत अतीफ रहमान आणि सहकाऱ्यांनी आपल्या आशाताईंसारख्या आरोग्य सेविकांना शिकवून हा प्रयोग केला. २००८ मध्ये निष्कर्ष आले: बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा या भेटी मिळालेल्या आयांपैकी २३ टक्के नैराश्यात होत्या, न मिळालेल्यांपैकी ५३ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेने पुढे याच पद्धतीची पुस्तिका काढली, आणि गोव्यात गावातल्याच बायांकडून ती राबवून पाहिली गेली. पद्धत साधी आहे. तीन गोष्टींवर बोलायचं: आईची स्वतःची तब्येत, आई आणि बाळ यांच्यातली ओढ, आणि आजूबाजूची माणसं. प्रत्येक वेळी आधी तिच्या मनातलं वाक्य पकडायचं, उदाहरणार्थ ‘मी लेकराला नीट सांभाळू शकत नाही’. ते खोडून काढायचं नाही, उपदेश करायचा नाही. ‘आज सकाळपासून लेकरासाठी काय काय केलं?’ असं विचारून तिच्याच तोंडून यादी काढायची: चार वेळा पाजलं, न्हाऊ घातलं, लंगोट बदलले. मग पुढच्या भेटीपर्यंत एकच छोटं काम ठरवायचं, वेळेसकट. सकाळी उन्हं कोवळी असताना बाळाला घेऊन पंधरा मिनिटं अंगणात. दुपारी पहिल्या घासापासून गरम जेवण, उरलंसुरलं नव्हे. बाळ पीत असताना त्याच्या डोळ्यांत बघून दोन वाक्यं बोलायची. मन लागल्यावर करू असं म्हणत थांबायचं नसतं. आधी करायचं, मन मागून येतं.

घरच्यांनी करायच्या कामांत झोपेला मी सगळ्यात वर ठेवतो. तिला रात्री सलग चार ते पाच तासांची झोप मिळालीच पाहिजे; तुकड्यातुकड्यांची आठ तासांची झोप त्याची भरपाई करत नाही. जमतं ते असं. रात्री नऊला ती बाळाला पाजून दुसऱ्या खोलीत किंवा माडीवर झोपायला जाते. मधलं एक पाजणं सासूबाई, नणंद किंवा नवरा सांभाळतो, आधी काढून ठेवलेल्या दुधावर. दूध स्वच्छ हाताने उकळलेल्या स्टीलच्या वाटीत काढायचं आणि झाकून ठेवायचं. घरातल्या साध्या गारव्यात ते चार तासांपर्यंत चांगलं राहतं, आपल्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात एवढा वेळ धरू नका. फ्रिज असेल तर त्यात ठेवा. पाजायचं वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने, बाटलीने नाही. दीड-दोन वाजता ती उठते आणि पुढची रात्र तिची. आठवड्यातून चार रात्री जरी असं झालं तरी दहा दिवसांत चेहऱ्यावर फरक दिसतो. ज्या घरात नवरा हे काम अंगावर घेतो तिथे बाई लवकर सावरते. नवऱ्यालाही या काळात नैराश्य येतं, तो दारूकडे वळला असेल तर त्याचीही चौकशी करा.

मुलगी झाली म्हणून घरात जे बोललं जातं, त्याचा या आजारात थेट वाटा आहे. गोव्यातल्या एका अभ्यासात मुलाची आस असताना मुलगी होणं, नवऱ्याची मारहाण आणि गरिबी ही कारणं पुढे आली होती. मुलगा की मुलगी हे बापाकडून आलेल्या बीजावर ठरतं, बाईच्या हातात त्यातलं काहीच नसतं. हे सासूबाईंना आणि नवऱ्याला डॉक्टरांच्या तोंडून, वहिनींसमोर ऐकवा. ‘पुढच्या खेपेला पोरगा होईल’ हे वाक्य धीर देण्यासाठी म्हटलं जातं, पण तिला ते शिक्षेच्या पुढच्या तारखेसारखं ऐकू येतं. ते घरात बंद करा. मारहाण होत असेल तर नुसत्या गोळीने ती बरी होणार नाही. १८१ या महिला हेल्पलाइनवर किंवा जिल्ह्याच्या सखी केंद्रात मदत मिळते. ही विचारपूस फक्त ती एकटी असताना.

‘बाहेरचं झालं’ याबद्दल. देवाला नारळ वाहायला, दृष्ट काढायला माझा विरोध नाही, त्याने घरच्यांना धीर येतो. पण उपाशी ठेवणं, चटके, झाडपाल्याचा धूर, मारणं हे होऊ देऊ नका, आणि त्यापायी दवाखान्याचा एक दिवसही घालवू नका. कारण याच नावाखाली एक फार वेगळा आणि घातक आजार लपतो. हजार बाळंतिणींमागे एक-दोघींना, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत, तो होतो: दोन-तीन रात्री अजिबात झोप नाही तरी अंगात विलक्षण जोर, असंबद्ध बोलणं, क्षणात हसणं क्षणात संताप, कानात आवाज, ‘हे माझं लेकरू नाही, बदललंय’, ‘याच्यात सैतान आहे’. लोक म्हणतात अंगात आलं. ही बाळंतपणातली मनोविकृती, आणि ती तातडीची बाब आहे. बाळ तिच्याजवळ एकटं ठेवू नका, १०८ ला फोन करा आणि मानसोपचार विभाग असलेल्या रुग्णालयात न्या. आपल्या भागात छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, नांदेड आणि लातूरची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. दाखल व्हावं लागलं तरी तीन वर्षांखालचं मूल आईपासून सहसा वेगळं करू नये, असं २०१७ चा कायदाच सांगतो. याच्याबरोबर ताप, झटके, असह्य डोकेदुखी, एका बाजूची ताकद जाणं असं काही असेल तर आजार मेंदूत किंवा रक्तात असू शकतो: जंतुसंसर्ग, वाढलेला रक्तदाब, मेंदूच्या शिरेत धरलेली गुठळी. पोट सुटतं म्हणून बाळंतिणीला पाणी मोजून देण्याची रीत आपल्याकडे आहे. अंगातलं पाणी कमी झालं की रक्त घट्ट होतं आणि गुठळीचा धोका वाढतो. तिला तहान लागेल तेवढं पाणी द्या.

आणखी एक प्रकार यात मिसळला जातो. काही आयांच्या मनात अचानक नको ते चित्र येतं: बाळ हातातून पडलं, विळी लागली. त्या विचाराने आई स्वतःच हादरते, विळीपासून लांब राहते, बाळाला हात लावायला घाबरते. हा चिंतेचा, मंत्रचळाचा प्रकार आहे. अशी आई बाळाला इजा करेल ही शक्यता फार कमी असते. तिला ‘वेडी’ ठरवून बाळ काढून घेतलं तर आजार वाढतो. ज्या आईला तो विचार बरोबर वाटतो, आज्ञेसारखा वाटतो, ती वेगळी. तिला वरच्याप्रमाणे तातडीने न्यायचं. हा फरक डॉक्टरांनी ठरवायचा.

जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक असतं. सांगायला संकोच वाटत असेल तर आधी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा: चोवीस तास, फुकट, मराठीत. फोनवर सांगायच्या गोष्टी कागदावर लिहून ठेवा: बाळ किती आठवड्यांचं, त्रास कधीपासून, झोप किती तास, चालू असलेल्या गोळ्यांची नावं, मरणाचे विचार आहेत की नाहीत.

राहिला फडाचा प्रश्न. एका कोयत्याची, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीची, उचल (आगाऊ रक्कम) दोघांच्या नावावर घेतलेली असते, खाडा पडला की पैसे कापतात, त्यामुळे ‘तिला राहू द्या’ म्हणणं किती अवघड आहे याची जाणीव आहे. तरी फडावर काय होतं ते बघा. पहाटे चारला उठणं, दिवसभर तोडणी आणि मोळ्या वाहणं, रात्री गाडी भरायला पुन्हा जागं होणं, कोपीत (झोपडीत) चार महिन्यांचं लेकरू. झोप तुटते, गोळी चुकते, आणि गावातल्या आशाताईंच्या यादीतून बाई बाहेर पडते. मरणाचे विचार असताना तर हा प्रश्नच उभा राहत नाही. नवऱ्याने मुकादमाशी टोळी निघायच्या आधी बोलून तिच्या जागी दुसरं माणूस लावावं किंवा उचल अर्ध्या कोयत्याची घ्यावी. ती मागे राहील तेव्हा जवळ कोण असेल, गोळी कोण देईल, हेही नक्की करा. रिकाम्या घरात दोन पोरींसह एकटी ठेवणं हाही उपाय नाही. माहेर चालण्यासारखं असेल तर तीन महिने माहेरी. आजार आटोक्यात येऊन सगळ्यांच्या विचाराने जायचं ठरलंच, तर माता-बाल संरक्षण कार्डावर गोळीचं नाव, मात्रा आणि सुरू केल्याची तारीख लिहून घ्या, पुरेशा दिवसांची औषधं नवऱ्याच्या ताब्यात ठेवा, कारखान्याजवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र पोचल्या पोचल्या विचारून ठेवा, आणि महिन्यातून एकदा गावच्या आशाताईंना फोन.

पहिल्या भेटीनंतर दोन आठवड्यांनी पुन्हा दाखवा, मग चौथ्या आणि सहाव्या आठवड्यात. सहा आठवडे पुरत्या मात्रेत गोळी घेऊनही फरक नसेल तर मात्रा किंवा औषध बदलावं लागतं. पुढचं मूल किमान दोन-तीन वर्षं लांबवण्याची सोय आत्ताच विचारून घ्या. तांबी अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालते. आणि पुढच्या खेपेला दिवस गेले की पहिल्याच तपासणीत या वेळचा आजार सांगायचा. एकदा होऊन गेलेल्या बाईला तो पुन्हा होण्याचा धोका जास्त असतो, आणि तेव्हा गोळी मनानेच बंद करायची नाही. चालू ठेवायची की बदलायची ते डॉक्टर ठरवतील.